एकदा पाहायला हरकत नाही
(कालप्रवासी प्रेमपटाचं परीक्षण पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी काही पाठ)

पुरवणीच्या कचेरीत कामांची वाटणी ठरलेली असते. युद्धपट ज्येष्ठांकडे जातो, महोत्सवातला इराणी चित्रपट त्याहून ज्येष्ठांकडे. नायक एका शतकातून उठून दुसऱ्या शतकातल्या नायिकेच्या प्रेमात पडतो आणि मधे चार विनोद होतात, असा चित्रपट असला की तो नव्या मुलाला किंवा मुलीला मिळतो. ते नवे तुम्ही आहात असं धरून हे पाठ लिहिले आहेत. घाबरू नका. या प्रकारात भल्याभल्यांनी माती खाल्लेली आहे, त्यामुळे तुमची चूक उठून दिसणार नाही.

साहित्य फारसं लागत नाही. एक वही, दोन पेनं (एक अंधारात खुर्चीखाली जातं) आणि वहीच्या मागच्या पानावर बाण काढायला मोकळी जागा. डावीकडे भूतकाळ, उजवीकडे वर्तमान, मधे बाण. मध्यंतरापर्यंत बाणांचा गुंता झाला तर चित्रपट ‘क्लिष्ट’, नाही झाला तर ‘बाळबोध’. दोन्ही शब्द तक्रारीचेच असल्यामुळे निवडीचा ताण येत नाही.

पाठ पहिला : चुका वेचणे

कालप्रवासाच्या चित्रपटात चुका सापडतातच. त्या आपल्याला सापडल्या याचा आनंद वाचकाला दिसला पाहिजे. सरावासाठी जेम्स मॅनगोल्डचा ‘केट अँड लिओपोल्ड’ घ्या. २००१ च्या नाताळात अमेरिकेत लागला. १८७६ च्या न्यूयॉर्कमध्ये राहणारा लिओपोल्ड नावाचा इंग्रज ड्यूक (ह्यू जॅकमन) काळाच्या फटीतून एकविसाव्या शतकात येतो आणि बाजाराचा कल पाहण्याची नोकरी करणाऱ्या केटवर (मेग रायन) जीव जडवतो. फट ब्रुकलिन पुलापाशी आहे. ती शोधून काढणारा स्टुअर्ट (लीव्ह श्रायबर) केटच्याच इमारतीत राहतो आणि तिचा माजी प्रियकर आहे. हे शेवटचं वाक्य अधोरेखित करून ठेवा, दुसऱ्या पाठात लागेल.

आता वेचायला बसा. सुरुवातीलाच रोबलिंग नावाचे अभियंते अर्धवट उभ्या पुलाबद्दल भाषण ठोकतात. पुलाचा आराखडा करणारे जॉन रोबलिंग १८६९ मध्येच वारले होते. धक्क्यावर पाय चिरडला आणि धनुर्वात झाला. बरं, हे त्यांचे चिरंजीव वॉशिंग्टन असं मानावं, तर पायाभरणीच्या वेळी नदीच्या तळाशी बसवलेल्या कोठ्यांमध्ये वरचेवर उतरल्यामुळे १८७२ पासून त्यांची तब्येत पार ढासळलेली होती. पुढची बरीच धावपळ त्यांच्या पत्नीनं, एमिलीनं केली. म्हणजे १८७६ मध्ये पुलापाशी खणखणीत भाषण करण्याजोगं रोबलिंग घराण्यात एमिलीखेरीज कुणी नव्हतं, आणि तिला चित्रपटात घेतलेलं नाही.

पुढे चला. लिओपोल्ड हा अल्बनीचा तिसरा ड्यूक. राणी व्हिक्टोरियानं अल्बनीची ड्यूकपदवी आपल्या धाकट्या मुलाला दिली ती १८८१ मध्ये (योगायोगानं त्याचंही नाव लिओपोल्ड). आडनाव माउंटबॅटन. ते तर पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन वाटणारं ‘बॅटनबर्ग’ टाकून घेतलेलं. हे आडनाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून परिचयाचं असल्यामुळे ही चूक मराठी वाचकाला विशेष आवडते. ती पहिल्या परिच्छेदात घ्या. शिवाय हा ड्यूक ‘ला बोएम’ या ऑपेराबद्दल जाणकारीनं बोलतो. पुच्चिनीचा हा ऑपेरा रंगमंचावर आला १८९६ मध्ये, म्हणजे ड्यूक घरून निघाल्यावर वीस वर्षांनी.

आणि मग लिफ्ट. चित्रपटातल्या जगात लिफ्टचा शोध लिओपोल्डनं लावलेला आहे. तो आपल्या काळातून नाहीसा झाल्याबरोबर न्यूयॉर्कभरच्या लिफ्ट बिघडतात आणि स्टुअर्ट दार उघडून थेट खड्ड्यात पडतो. इथे तुम्ही भिवया उंचावून लिहायचं, की शोधकच नसेल तर लिफ्ट बिघडेल कशी, ती मुळात असणारच नाही. मग इमारती इतक्या उंच कशाला बांधल्या, आणि दारामागे खड्डा तरी कुणी ठेवला? प्रश्न बिनतोड आहे. आपल्या जगात एलायशा ओटिसनं दोर तुटला तरी न कोसळणारी लिफ्ट १८५० च्या दशकात न्यूयॉर्ककरांना दाखवलेलीच होती आणि १८५७ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका दुकानात ती माणसांची ने-आणही करू लागली होती, हेही जोडा. लिओपोल्डच्या नोकराचं नाव ओटिस आहे, म्हणजे लेखकाला हे सगळं ठाऊक होतं आणि त्यानं मुद्दाम खोडी काढली आहे, ही गोष्ट मात्र लिहू नका. त्यानं आपली हवा जाते.

एका परीक्षणात तीन चुका पुरे. चौथी लिहिली की वाचकाला कळतं, हा माणूस चित्रपटगृहात नव्हता, विश्वकोश उघडून बसला होता. आणि जॅकमन वाकून नमस्कार करतो तेव्हा तुमच्या रांगेतल्या सगळ्या जणी (आणि एक-दोन जण) पुढे सरकून बसतात, हे वहीत टिपलं असेल तर खोडून टाका. त्या कामासाठी त्याला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं, तरीही खोडा. त्या वेळी अमेरिकेतले समीक्षक या चित्रपटाबद्दल साधारण निम्मे-निम्मे विभागले गेले होते. शिकागोच्या रॉजर ईबर्टनं चारपैकी तीन तारे दिले. गोष्ट अचाट आहे हे त्यानं आधीच मान्य करून टाकलं, त्यामुळे पुढचं परीक्षण त्याला चित्रपटाबद्दल लिहिता आलं. तुम्ही नवखे आहात, इतक्यात असं काही करू नका.

पाठ दुसरा : कूळ काढणे

आपल्याकडे स्थळ सांगून आलं की कूळ, गोत्र, मामाचं गाव, सगळं आधी विचारतात. हॉलिवूडमध्ये ही पद्धत नसल्यानं काय होतं ते पाहा. स्टुअर्ट हा केटचा माजी प्रियकर, हे तुम्ही अधोरेखित केलेलं आहेच. मूळ पटकथेनुसार तो लिओपोल्डचा वंशजही आहे. आता शेवटी केट पुलावरून उडी मारून १८७६ मध्ये जाते आणि लिओपोल्डशी तिचं जमतं. म्हणजे केट स्टुअर्टची खापरपणजी झाली. जिच्याबरोबर इतकी वर्षं फिरला ती खापरपणजी!

प्रदर्शनाआधी समीक्षकांना दाखवलेल्या प्रतीत हे नातं जसंच्या तसं होतं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि चित्रपट लोकांपर्यंत पोचण्याच्या आत मिरामॅक्स कंपनीनं तो धागा कापून काढला. पुढे डीव्हीडीवर दिग्दर्शकाची मूळ प्रत आली तेव्हा खापरपणजी घरी परतली. समीक्षेच्या इतिहासात हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. समीक्षकांनी एका चित्रपटावर बोट ठेवलं आणि वाचकांनी तिकीट काढून दुसराच पाहिला. ज्यानं वंशावळीवरून खिल्ली उडवली असेल, त्याची खिल्ली थिएटरात बसलेल्या माणसाला कळायची सोयच उरली नाही. इतिहासात मागे जाऊन ढवळाढवळ केली की वर्तमान बदलतं, हा या प्रकारातला आद्य नियम. तो पडद्यावर कधी धड पाळला गेलेला नाही. प्रेस शोच्या बाबतीत पाळला गेला.

तेव्हा वंशावळ मागच्या पानावर काढाच, पण लिहिताना ‘आम्हाला दाखवलेल्या प्रतीत’ एवढे शब्द घाला.

पाठ तिसरा : पाहुणा कोण आहे ते पाहणे

पहिल्या दोन पाठांत तुम्ही तर्काची झडती घ्यायला शिकलात. ती कुणाची घ्यायची नाही, हे आता शिका.

वुडी ॲलनच्या ‘मिडनाइट इन पॅरिस’मध्ये (२०११) गिल नावाचा पटकथालेखक रात्री बारा वाजता चर्चच्या पायऱ्यांवर बसतो. एक जुनी प्यूजो मोटार येते, आतली मंडळी त्याला बोलावतात आणि तो १९२० च्या दशकात पोचतो. मोटार कुठून येते, का येते, तिला हाच गिल कसा सापडतो, पहाटे परत कोण सोडतं? उत्तर नाही. काळाची फट नाही, शास्त्रज्ञ नाही, नकाशा नाही. ‘केट अँड लिओपोल्ड’मध्ये निदान स्टुअर्टनं आकडेमोड तरी केली होती.

पण याबद्दल फारशी कुणी कुरकुर केली नाही. समीक्षक खूश, प्रेक्षक खूश, पटकथेला ऑस्कर. कारण गिलला तिकडे भेटतात हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड पतिपत्नी, गर्ट्रूड स्टाइन, पिकासो, दाली. प्रत्येक नाव ओळखू आलं की समीक्षकाला आपलं शिक्षण वसूल झाल्यासारखं वाटतं, आणि शिक्षण वसूल होत असताना मोटारीचे कागद कोण तपासणार? एका प्रसंगात गिल तरुण लुई बुन्युएलला एक कल्पना सुचवतो: पाहुणे जेवायला येतात आणि त्यांना खोलीबाहेर पडता येत नाही. बुन्युएल गोंधळून विचारतो, पण त्यांना जाता का येत नाही? बुन्युएलनं खरोखरच असा चित्रपट १९६२ मध्ये केला, हे ठाऊक असलेल्यांनी इथे हसायचं असतं. नवोदितांनी शेजारच्यांपेक्षा अर्धा सेकंद आधी हसावं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्ही चित्रपट एकाच जातीचे आहेत. आजच्या काळाला कंटाळलेलं माणूस, रुबाबदार भूतकाळ, मधे एक अशक्य दार. एकात दारापलीकडे ड्यूक आहे आणि तो बायकांना आवडतो, दुसऱ्यात दारापलीकडे साहित्यिक आहेत आणि ते समीक्षकांना आवडतात. पहिल्याला तर्काचा जाब विचारला जातो, दुसऱ्याला ‘स्वप्नरंजनाची मुभा’ मिळते. बाईनं पाहिलेल्या स्वप्नाची पावती मागायची आणि लेखक पुरुषानं पाहिलेल्या स्वप्नाला दाद द्यायची, ही या धंद्यातली जुनी खोड आहे आणि ती मला मुळीच आवडत नाही. पण तुम्ही शिकायला आला आहात, तेव्हा रीत सांगणं भाग आहे. पाहुण्याचं नाव विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात असेल तर यंत्राबद्दल विचारू नका.

पाठ चौथा : संगीत आणि छायाचित्रण

‘श्रवणीय’ आणि ‘नेत्रसुखद’. झाला पाठ. ‘केट अँड लिओपोल्ड’साठी स्टिंगनं केलेल्या गाण्याला गोल्डन ग्लोब मिळालं, पण ते शेवटच्या नामावलीच्या वेळी वाजतं आणि तोवर समीक्षक वाहनतळावर पोचलेला असतो.

पाठ पाचवा : प्रवास कोण करतं

इथे तुमच्या परीक्षणाला थोडं वजन येईल. रेचल मॅकॲडम्स या अभिनेत्रीकडे लक्ष द्या. ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ (२००९) मध्ये तिचा नवरा काळातून ये-जा करतो. ‘मिडनाइट इन पॅरिस’मध्ये तिचा होणारा नवरा. रिचर्ड कर्टिसच्या ‘अबाउट टाइम’मध्ये (२०१३) पुन्हा नवरा. तिन्ही वेळा ती घरीच. बाईंनी एवढ्या अनुभवावर कालप्रवाशांच्या बायकांची संघटना काढायला हरकत नव्हती.

‘अबाउट टाइम’मध्ये तर नियमच आहे: ही विद्या घराण्यातल्या पुरुषांनाच येते. अंधाऱ्या कपाटात शिरायचं, मुठी वळायच्या, हव्या त्या दिवशी बाहेर पडायचं. (पुढे नायक टिम बहिणीला हाताला धरून मागे नेतो. हा नियम आहे की शिफारस? तुमच्या तीन चुकांत ही एक धरा.) टिम या विद्येचा उपयोग मेरीला पटवायला करतो. पहिली रात्र मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा मागे, पुन्हा तीच रात्र. तिला प्रत्येक वेळी ती पहिलीच. लग्न होतं, मुलं होतात, आणि नवऱ्यानं आपल्याबरोबर काय काय दोनदा-तीनदा जगून घेतलंय याची तिला कधीच कल्पना येत नाही. बऱ्याच समीक्षकांना हे खटकलं आणि बरोबरच खटकलं. चित्रपट मात्र मजेत पुढे जातो, कारण त्याला खरं सांगायची आहे ती बाप-लेकाची गोष्ट. बिल नाय बापाच्या भूमिकेत दिसला की टिमचे सगळे गुन्हे मी माफ करून बसतो, हेही कबूल केलं पाहिजे.

याच्या शेजारी हॅरल्ड रेमिसचा ‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) ठेवा. हा कालप्रवास की कालचक्र, यावर वाद घालणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि पुढे चला. हवामान सांगणारा तुसडा टीव्ही-निवेदक फिल (बिल मरे) पंक्सटॉनी नावाच्या गावात २ फेब्रुवारीलाच अडकतो. रोज सकाळी सहाला तोच गजर, तेच गाणं, तोच दिवस. तोही टिमसारखंच करतो. निर्मात्या रिटाला (अँडी मॅकडॉवेल) कोणती दारू आवडते, कोणतं शिक्षण झालंय, सगळं एकेका दिवशी काढून घेतो आणि दुसऱ्या ‘पहिल्या’ दिवशी वापरतो. आणि रात्री थोबाडीत खातो. पुन्हा तयारी, पुन्हा थोबाडीत. थोबाडीतांची एक मालिकाच आहे. कितीही वेळा मागे गेलास तरी चोरलेल्या माहितीवर ही बाई तुझी होणार नाही, असं चित्रपट स्वतःच त्याला बजावतो. कर्टिसनं टिमला एक तरी थोबाडीत मिळू द्यायला हवी होती.

पाठ सहावा : भविष्य वर्तवणे

परीक्षणाच्या शेवटी भविष्य सांगायची उबळ येते. ती दाबा. ‘ग्राउंडहॉग डे’ आला तेव्हा परीक्षणं एकंदरीत बरी होती, पण सूर बहुतेक ठिकाणी तोच, आपल्या पुरवण्यांतला: एकदा पाहायला हरकत नाही. तोच दिवस पुन्हा पुन्हा पाहण्यावर बेतलेल्या चित्रपटाला ‘एकदा’ म्हणणं किती गमतीचं आहे, हे त्या आठवड्यात सुचलं नाही; डेडलाइन होती. वॉशिंग्टन पोस्टच्या डेसन हाऊनं तर मरेचं कौतुक करताकरताच लिहून ठेवलं, की लायब्ररी ऑफ काँग्रेस या चित्रपटाला राष्ट्रीय ठेवा म्हणून कधीच जाहीर करणार नाही. २००६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला. नेमकी तीच संस्था, नेमका तोच मान. त्यानं नुसतं ‘अजरामर होणार नाही’ एवढंच लिहिलं असतं तर आज कुणाला आठवलंही नसतं. तेव्हा भविष्य सांगायचंच असेल तर मोघम सांगा. संस्थेचं नाव घालू नका.

मधल्या तेरा वर्षांत काय झालं ते अभ्यासासाठी पाहून ठेवा. ऑस्करनं एकही नामांकन दिलं नव्हतं. ब्रिटिशांनी मूळ पटकथेचा बाफ्टा दिला. मग निरनिराळ्या धर्मांची माणसं रेमिसला पत्रं लिहू लागली. बौद्ध म्हणत, ही पुनर्जन्माची गोष्ट. ज्यू म्हणत, ही आमची. जेझुइट म्हणत, आमचीच. तत्त्वज्ञ स्टॅनली कॅव्हेल यांनी १९९६ मध्ये, शंभर वर्षांनीही कोणती कलाकृती टिकेल या प्रश्नावर, या चित्रपटाचं नाव घेतलं. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं चित्रपट आणि श्रद्धा या विषयावर मालिका केली, तिच्यातही तो होता. आणि फिल अडकतो का, याचं कारण चित्रपटात नाहीच. लेखनाच्या एका टप्प्यावर स्टुडिओच्या आग्रहाखातर शापाचा प्रसंग लिहिला गेला होता, तो पडद्यावर आला नाही. शाप दाखवला असता तर समीक्षकांनी शापातली विसंगती काढली असती आणि धर्मगुरूंना पत्रं लिहायला जागा उरली नसती, असं मला वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ‘बार बार देखो’ (२०१६) आहे. गणिताचा प्राध्यापक लग्नाच्या तोंडावर भविष्यात फेकला जातो. परीक्षणं वाईट आली, आणि माझ्या मते ती योग्य होती. पण त्यातलं ‘काला चष्मा’ सहा वर्षांनी नॉर्वेच्या एका नृत्यपथकानं लग्नात नाचून दाखवलं आणि ते जगभर पसरलं. गाण्याबद्दल ‘ठीकठाक’ लिहिलेल्यांनी तो आठवडा रजेवर काढला असेल.

ईबर्टनं ‘ग्राउंडहॉग डे’ला १९९३ मध्ये तीन तारे दिले होते. २००५ मध्ये त्यानं तो आपल्या थोर चित्रपटांच्या यादीत घेतला आणि लेखाच्या सुरुवातीलाच मान्य केलं, की तेव्हा आपण याला कमी लेखलं. चित्रपट इतका सहज आवडत गेला की त्याची किंमत करायची राहूनच गेली, असा त्याचा खुलासा. नवोदितांनी ही वाट धरण्याआधी नोकरी कायम झाल्याची खात्री करावी.

नेहमीच्या शंका

शंका : प्रेस शोला शेजारच्या ज्येष्ठ समीक्षकाला झोप लागली. त्यांच्या परीक्षणात ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ असं आलं. माझ्या परीक्षणात तसं नाही. बदलू का?
उत्तर : त्यांना डुलकी नेमकी कुठे लागली ते पाहा. पूर्वार्धात लागली असेल तर बदलू नका.

शंका : दुसऱ्यांदा पाहायचं तिकीट कचेरी देते का?
उत्तर : नाही.

शंका : मला हसू आलं, दोनदा डोळ्यांत पाणीही आलं, पण मागच्या पानावरचे बाण जुळत नाहीत. तारे किती देऊ?
उत्तर : हसू कोणत्या प्रसंगाला आलं आणि पाणी कोणत्या, ते परीक्षणात लिहा, असं लिहिणारे आमच्याकडे कमी आहेत. बाणांचं पान उपसंपादकांना दाखवू नका, ते चौकट करून छापतील. तारे साडेतीन. अर्ध्या ताऱ्याचं कारण कुणी विचारत नाही.